अक्का उभी होती तिथे

“शालन, त्या तळ्याकाठी माझा बंब कुणी नेऊन ठेवला?”

आत्याबाईंनी हे विचारलं तेव्हा मी त्यांची पाठ पुसत होते. त्या कुशीवर होत्या, तोंड भिंतीकडे, आणि भिंतीवर मी काढलेलं उदयपूरचं चित्र. माझा एक हात त्यांच्या खांद्याला आधार देत होता, दुसऱ्या हातात ओलं फडकं होतं.

“बंब कुठला? देवळाचा कळस असेल तो,” मी म्हणाले.

“कळसाला तोटी असतीया व्हय?”

तोटी होती. मीच काढली होती.

“आणि तोटीला तार गुंडाळलीया. ती तार तुझ्या मामंजींनी गुंडाळली हुती. गळत हुता म्हणून.”

“असतील तिकडं पण तसले बंब. पावडर लावू ना?”

“लाव. काखेत बी लाव. कालची नीट न्हाई लागली.”

विषय तेवढ्यावर मिटला असं मला वाटलं. नुकताच त्यांना नवा चष्मा आला होता. इतकी वर्षं त्यांना भिंतीवर नुसते रंगाचे डाग दिसत होते आणि आता तार दिसायला लागली होती, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. न्हाणीत पाय घसरून त्यांचा खुबा मोडला. वयामुळे हाड काही नीट जुळलं नाही, आणि तेव्हापासून त्या बाहेरच्या खोलीत खाटेवर होत्या. मिरजेतलं आमचं घर तीन खोल्यांचं, एकीमागे एक. बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघर दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. सुरुवातीला आम्ही त्यांना खुर्चीत घालून आत न्यायचा प्रयत्न केला, तेव्हा त्या अशा ओरडल्या की शेजारपाजारचे दारात येऊन उभे राहिले. त्यानंतर कुणी तो विषय काढला नाही.

बंब घरात नव्हता. गिझर बसवला त्या वर्षी तो मोडीत गेला. मागोमाग नवा ओटा झाला, फरशा लागल्या, त्या गडबडीत पाटा-वरवंटा आणि दुभत्याचं जाळीचं कपाटही गेलं. माझे यजमान जयवंत मोटर वाइंडिंगचं दुकान चालवायचे, बोलायला काटकसरी. ते एवढंच म्हणाले, “आईला सांगू नको. जिवाला लावून घेईल.” मग सांगायचं राहूनच गेलं. आत्याबाईंकडे सकाळी बादलीतून गरम पाणी यायचं, आणि ते बंबातलं की गिझरमधलं हे पाण्याकडे बघून कुणाला कळत नाही.

चित्रं मी काढायचे ती त्यांच्या दुपारच्या झोपेत. शाळेत मला इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळाली होती. ड्रॉइंगच्या बाई मुद्दाम घरी येऊन वडिलांना म्हणाल्या, पोरीला पुढे शिकवा. वडिलांनी त्यांना चहा दिला आणि परत पाठवलं. पुढे लग्न, मुलगी, घर. मुलगी हुबळीला दिली आणि त्याच वर्षी आत्याबाईंनी खाट धरली. दुपारी घर सोडता येईना आणि झोपताही येईना, कारण त्या कधी हाक मारतील याचा नेम नव्हता. अशा वेळी बायका विणतात नाहीतर टीव्ही बघतात. मी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या सुताराकडून प्लायवूडचे उरलेले तुकडे आणले, त्यावर पांढरा प्रायमर मारला आणि तेलरंगाच्या ट्यूबा विकत घेतल्या. आत्याबाईंची तक्रार नव्हती. टर्पेंटाइनचा वास त्यांना आवडायचा. खोलीत दुसरा जो वास असायचा त्याच्यापेक्षा हा बरा, असं त्याच म्हणायच्या.

काढायला विषय अक्का पुरवायची. अक्का माझी थोरली बहीण, पुण्याला. दाजी निवृत्त झाल्यापासून ती दोघं सारखी सहलीला जायची, आणि आल्यावर फोटोंचं एक जाड पाकीट मला यायचं. फोटोवर पेन्सिलीने चौकटी आखायच्या, प्लायवूडवर तशाच मोठ्या चौकटी आखायच्या, आणि एकेक चौकट उतरवत जायचं. शाळेत शिकवलेली ही एकच युक्ती मला येत होती आणि तेवढ्यावर माझं भागत होतं.

अडचण अक्काचीच होती. प्रत्येक फोटोत मधोमध ती. तळं असो, बाजार असो, किल्ला असो, पुढ्यात अक्का, खांद्याला पर्स, गॉगल कपाळावर चढवलेला. मला अक्का काढायची नव्हती. तिला मी जन्मभर बघत आले होते. मला तिच्या आजूबाजूचं हवं असायचं: नळावर कळशी भरणारी बाई, सायकलला टेकून बिडी ओढणारा म्हातारा, दुकानापुढे पाणी शिंपडणारी पोर. म्हणून मी अक्काला वगळायचे. पण ती वगळली की चित्रात अक्काएवढं भोक पडायचं. तिच्या पाठीमागे काय होतं ते फोटोत कुठून दिसणार? ते भोक मला पदरचं काहीतरी घालून बुजवावं लागायचं.

“तू मला दरवेळी का गं पुसतेस?” अक्का फोनवर विचारायची. “लोक कौतुकाने बहिणीचा चेहरा काढतात.”

“मला चेहरे जमत नाहीत.”

“मग शिक ना! मी परत परत जाऊन उभी राहते आहेच.”

आत्याबाईंनी बंबाचं विचारलं त्याच आठवड्यात तिचा फोन आला, पण चेहऱ्याचा विषय नव्हता.

“शालन, आमच्या महिला मंडळाची सहल निघते आहे. ओंकारेश्वर, महेश्वर, मांडू. एकीचं रद्द झालंय. तुझं नाव घालू?”

“माझं?”

“आठवडाभराचा तर प्रश्न आहे. तू फक्त पुण्यापर्यंत ये, पुढचं मी बघते. मी ते सगळं पाहिलेलं आहे, तुझ्यासाठी परत येते आहे हे लक्षात ठेव.”

“आत्याबाईंचं कोण करणार?”

“जाऊ आहे ना तुला? तिचीही सासूच आहे की. रविवारपर्यंत सांग.”

मी हो म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही. माझ्यासमोर स्टीलच्या कपाटाला टेकवून महेश्वरचं चित्र ठेवलेलं होतं. अक्काने आदल्या हिवाळ्यात पाठवलेल्या फोटोवरून मी ते करत होते: नर्मदेचा घाट, खाली उतरत गेलेल्या दगडी पायऱ्या, एका कडेला बांधलेल्या नावा, एका पायरीत रोवलेली लोखंडी कडी. सगळं झालं होतं, मधे अक्काएवढी पांढरी जागा तेवढी राहिली होती. मी त्या जागेकडे बघत बसले. जायची इतकी इच्छा मला कधी कशाची झाली नव्हती. मला नदी बघायची होती असंही नाही. कुणी हाक मारणार नाही अशा ठिकाणी मला बसायचं होतं.

संध्याकाळी जेवताना मी यजमानांना सांगितलं.

“जा की,” ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, “पण आईचं?”

“रत्ना येईल की कुपवाडहून. मी विचारते तिला.”

“रत्ना येईल. आई करू देईल का?”

गाडी तिथेच अडत होती. रत्ना माझी धाकटी जाऊ, कामाला वाघीण. पण मागे एकदा मला ताप भरला तेव्हा ती आली होती, आणि आत्याबाईंनी गाउनचा घेर दोन्ही मुठींत गच्च धरून ठेवला. संध्याकाळी मी ताप घेऊनच उठले, तोवर त्या ओल्यात पडून होत्या. “दुसऱ्या हाताला मी अंग दावणार न्हाई,” असं त्या रत्नाच्या तोंडावर म्हणाल्या. सारा जन्म डोक्यावरून पदर घेऊन वावरलेली बाई. माझ्यापुढे त्यांनी लाज सोडली होती, ती एकदाच सोडता येते असं त्यांना वाटत असावं. ज्या सासूने लग्नानंतर कितीतरी वर्षं मला मिठाच्या बरणीला हात लावू दिला नव्हता, तिला आता माझ्याशिवाय कुणी शिवलेलं चालत नव्हतं. याला प्रेम म्हणायचं का, मला माहीत नव्हतं. माझी कंबर मात्र त्याने मोडली होती.

म्हणजे त्यांनी हो म्हटलं तरच मला जाता येणार होतं. दुसऱ्या दिवशी आमटीभात भरवताना मी विषय काढला. अक्काचं सांगितलं, महेश्वरचं सांगितलं, नर्मदेचं सांगितलं. नर्मदेने तरी मन वळेल असं वाटलं होतं.

“किती दिस?”

“आठवडाभर.”

“रत्नी करणार माझं?”

“हो.”

त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. “भात नगं,” म्हणाल्या.

पुढचे दिवस त्या बोलल्याच नाहीत. पाणी, भांडं, कूस, एवढे तीन शब्द. एरवी त्या दिवसभर बोलत असायच्या, रस्त्यावरून कोण गेलं, कोण कुणाशी काय बोललं, आणि त्याने मला जीव नकोसा व्हायचा. आता त्यांचं गप्प बसणं त्याहून जड झालं. यजमान दुकानातून आले की आधी माझ्या तोंडाकडे बघायचे, मग आईच्या, आणि हातपाय धुवायला मागे निघून जायचे.

मला राग आला होता. दुपारी त्या डोळे मिटून पडायच्या, झोपायच्या की नाही देव जाणे, आणि मी महेश्वरच्या पुढ्यात बसायचे. ती पांढरी जागा बुजवायची होती. माझ्या हाताला त्या वेळी काय आलं ते मी आधी ठरवलं नव्हतं. कधीच ठरवत नसे. ब्रश हिरव्यात बुडाला आणि पायरीवर एक बाई बसली, आपल्याकडे पाठ करून. एक गुडघा उभा धरलेला, दुसरा पाय खाली पाण्यात सोडलेला, मानेवर छोटा अंबाडा. ते पूर्ण झाल्यावर मला बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी काहीतरी जागच्या जागी बसलं होतं. मी ते चित्र वाळायला समोरच्या टेबलावर ठेवलं आणि चहा टाकायला आत गेले.

शनिवारी दुपारी मला हाक ऐकू आली.

“शालन. ती चित्रं उतरव सगळी. हितं आण.”

“कशाला?”

“आण म्हणते ना.”

मी ती खिळ्यांवरून काढून आणली. त्यांनी चष्मा नीट केला. पहिलं उदयपूर त्यांनी पोटावर धरलं.

“ह्यो बंब.”

मी दुसरं चित्र पुढे केलं.

“ह्यो कुठला बाजार?”

“मैसूरचा.”

“मैसूरच्या बाजारात पाटा-वरवंटा. वरवंट्याला हितं टवका गेलाय बघ. माझ्याच हातनं पडला हुता, जयवंता पोटात असताना.” त्यांचं बोट रंगावरून फिरत होतं. “आणि ह्या बांगडीवालीच्या मागं माझं जाळीचं कपाट. मांजर दार ढकलायचं म्हणून कडीला सुतळी लावली हुती. ती बी काढलीस.”

“आत्याबाई...”

“हाय का ह्यातलं काय घरात?”

विचार करायला सवड मिळाली असती तर मी खोटं बोलले असते. “नाही,” मी म्हणाले. “नवा ओटा केला तेव्हा गेलं सगळं.”

“मला वाटलंच. असतं तर तू कशाला काढलं असतंस? डोळ्यापुढं असल्यालं कोण काढतंय?”

त्या चिडल्या नव्हत्या. मला वाटलं होतं आकांत होईल. त्यांनी नुसतं विचारलं, “बंब मोडीत दिला?”

“हो.”

“चांगला तांब्याचा हुता.” त्यांनी चित्रं बाजूला सारली. मग म्हणाल्या, “आता ते नवं आण.”

“ते ओलं आहे अजून. रंग हाताला लागेल.”

“लागू दे.”

मी महेश्वर आणलं. तोवर मलाही दिसायला लागलं होतं. त्यांनी चित्र छातीजवळ घेतलं आणि मान जमेल तेवढी वर उचलली.

“ही कोण?”

“कुणी बाई. घाटावर बायका असतातच.”

“हिरवं इरकल नेसलीया.”

“हो.”

“तांबडा काठ. असा गुडघा उभा धरून मी बसायची. तुझं मामंजी म्हणायचं, बाईमाणसानं असं बसू नये.” त्यांचं बोट काठावर आलं. “माझं हिरवं इरकल कुठं हाय गं?”

ते त्यांच्या खाली होतं. गाउन घालायला लागल्यापासून लुगडी नुसतीच ट्रंकेत पडून होती, आणि जुनं मऊ सूत पाठीला बरं म्हणून मी एकेक लुगडं फाडून त्यांच्या अंगाखाली घालत होते. हिरवं मी गेल्या उन्हाळ्यात फाडलं होतं. त्याचे तुकडे रोज धुऊन दोरीवर वाळत घालायचे मी.

“तुमच्या खाली आहे,” मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली, जणू त्यांना ठाऊकच होतं.

“गेलेल्या वस्तू तू तिथं नेऊन ठेवतीस,” त्या म्हणाल्या. “मला कवा नेलंस?”

मी बसले. खाटेच्या कडेला, त्यांच्या पायाशी. आज इतक्या वर्षांनी मला त्या प्रश्नाचं उत्तर देता येईल. मला त्यांचा कंटाळा आला होता, माझ्या हातांना त्यांच्या अंगाचा कंटाळा आला होता. त्या मराव्यात असं मला एकदाही वाटलं नाही, पण त्या खाटेवर त्या नसाव्यात असं रोज वाटायचं. कुठेतरी बसलेल्या असाव्यात, स्वतःच्या पायांनी चालत गेलेल्या, लुगडं नेसून. तेव्हा मला यातलं काही सुचलं नाही.

“तुम्ही गेलेल्या नाही आत्याबाई,” मी म्हणाले. “नुसतं बसवलंय तुम्हाला.”

“पाय पाण्यात हाय.”

“हो.”

“पाणी गार हाय का?”

“मला काय माहीत? मी कुठं गेले आहे?”

हे मी जरा तोडूनच बोलले. मला वाटतं तेच त्यांना लागलं, किंवा पटलं. त्या बराच वेळ त्या बाईकडे बघत होत्या. गाउनवर हिरवा रंग लागला होता, अंगठ्याला लागला होता. बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं आणि ती होत नव्हती.

“रत्नीला म्हणावं, नखं कापून ये,” शेवटी त्या म्हणाल्या. “मागच्या बारीला लागली हुती मला.”

मी चित्र त्यांच्या हातातून घेतलं.

“आणि हे समोरच ठेव, टेबलावर. भिंतीवर नगं. तू तिथं गेलीस की बघून ये, मी बसलीया का न्हाई.”

सहलीचं फारसं काही सांगण्यासारखं नाही, कारण मी बरीचशी झोपले. बसमध्ये बसले की डोळे मिटायचे. “तुमच्या बहिणीला उठवा हो, मांडू आलं,” असं मंडळातल्या बायका अक्काला सांगायच्या. धर्मशाळेत मात्र उलटं. दर थोड्या वेळाने मी दचकून उठायचे, हात पुढे करायचे, आणि शेजारी अक्का घोरत असायची, तिची कूस बदलायची गरज नसायची.

महेश्वरला आम्ही सकाळी घाटावर उतरलो. अक्काला ती जागा बरोबर आठवत होती.

“हीच. ती बघ कडी. इथेच उभी होते मी. चल, तू उभी राहा, मी काढते तुझा.”

मी बघितलं. अक्का उभी होती तिथे काहीच नव्हतं. एक पायरी, तिच्याखाली दुसरी, तिच्याखाली पाणी. बाजूला एक बाई धुणं धूत होती, पिळे एकावर एक रचत होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा कामाला लागली. मी खाली वाकून पाण्यात हात घातला. गार होतं. मला त्या पायरीवर बसायचं होतं, त्यासाठीच मी एवढ्या लांब आले होते, पण माझ्याच्याने बसवेना. ती जागा कुणीतरी धरून ठेवलेली आहे असं वाटत राहिलं.

“अक्का, कॅमेरा दे इकडं.”

मी उभी राहून फोटो काढला.

“कुणाचा काढलास?” अक्काने आजूबाजूला बघत विचारलं.

“कुणाचाच नाही.”

“कमाल आहे. एवढ्या लांब येऊन पायरीचा फोटो!”

मग मी दोन पायऱ्या वर जाऊन बसले आणि मंडळाची बस निघेपर्यंत बसून राहिले. कुणी हाक मारली नाही. मला वाटलं होतं त्याहून ते सोपं होतं आणि थोडं रिकामंही. पुण्यात आल्यावर अक्काने स्टेशनजवळच्या स्टुडिओत रोल टाकला आणि माझी गाडी निघायच्या आत फोटो धुऊन मिळाले.

घरी पोचले तेव्हा रत्ना दारातच भेटली. पिशवी घेता घेता हळू आवाजात म्हणाली, “ताई, कायसुद्धा त्रास दिला नाही बघा. मला वाटलेलं, मागच्यासारखं होणार. पण गाउन वर घेतला की डोळे मिटून घ्यायच्या आणि म्हणायच्या, मी घाटावर हाय, तू उरक तुझं. पहिल्या दिवशी मी घाबरलेच, म्हटलं भ्रम झाला काय ह्यांना. नंतर सवय झाली. काम झालं की मी सांगायचे, आत्याबाई या आता, झालं. मग डोळे उघडायच्या.”

मी पाय धुतले आणि बाहेरच्या खोलीत गेले. समोरच्या टेबलावर चित्र होतं तसंच होतं. आत्याबाईंनी मला नखशिखांत बघून घेतलं.

“काळवंडलीस.”

“ऊन होतं.”

“पाणी गार हुतं?”

“गार होतं.”

“आणि मी हुते का?”

मी पर्समधून फोटो काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा पुसायला सांगितला, मी पदराने पुसून दिला. फोटोत घाट होता, कडी होती, एका बाजूला धुणं धुणाऱ्या बाईचा कोपर तेवढा आला होता. मधली पायरी रिकामी होती. धुण्याचं पाणी ओघळून ती भिजली होती. त्या आधी फोटोकडे, मग टेबलावरच्या चित्राकडे, मग परत फोटोकडे बघत होत्या. मला वाटलं आता विचारतील, का न्हाई, आणि मला काहीतरी सांगावं लागेल. त्यांनी पायरीवर बोट ठेवलं.

“ओली हाय,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“म्हंजे आत्ताच उठून गेले म्हण की मी.”

त्यांनी फोटो उशीखाली सरकवला आणि हात माझ्याकडे पुढे केला.

“चल, कूस बदल माझी. रत्नीला ते जमत न्हाई.”

मी बांगड्या मागे सारल्या आणि त्यांच्या खांद्याखाली हात घातला.